गुंतागुंतीच्या आजारांमागची जनुके शोधताना : टप्पे, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, संधिवात यांसारख्या आजारांमागे एकच बिघडलेले जनुक नसते. शेकडो ठिकाणी असलेले डीएनएतील बारीक फरक आणि त्यांच्या जोडीला आहार, वय, परिसर असे सगळे मिळून हे आजार घडवतात. अशा आजारांची जनुके शोधण्याची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे संपूर्ण जीनोमवर घेतलेली रुग्ण-कंट्रोल तुलना, जिला प्रयोगशाळेत सगळे 'जीवास' म्हणतात. रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या, म्हणजे कंट्रोलच्या, डीएनएतील लाखो ठिकाणची अक्षरे वाचायची आणि कोणते अक्षर रुग्णांमध्ये अधिक वेळा येते ते पाहायचे, एवढी तिची कल्पना साधी आहे. तरीही विद्यार्थी आणि तरुण डॉक्टर या कामात पुन्हा पुन्हा अडकतात, आणि बहुतेक वेळा ते सांख्यिकीत अडकलेले नसतात. रुग्ण निवडताना, रक्त गोळा करताना आणि प्लेट भरताना झालेली चूक संगणकावर दिसते तेव्हा ती दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते, ही खरी अडचण आहे.

म्हणून पुढील मांडणीत विश्लेषणाआधीच्या टप्प्यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे. उदाहरण म्हणून सर्वत्र टाइप २ मधुमेह घेतला आहे, कारण त्याची जनुके पुणे आणि हैदराबादसह जगभर तपासली गेली आहेत आणि प्रत्येक चुकीचा नमुना त्यात सापडतो.

## टप्पा १ : संख्येचे गणित आधी मांडा

'जमतील तेवढे रुग्ण घेऊ' असे म्हणून सुरुवात करू नये. चिपवर, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या पट्टीवर, लाखो स्निप, म्हणजे एका अक्षराचे फरक, एकाच वेळी तपासले जातात, त्यामुळे नेहमीची ०.०५ ही पी-व्हॅल्यूची (खरा संबंध नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेची) मर्यादा येथे निरुपयोगी ठरते. दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरून ०.०५ ला दहा लाखांनी भागले की ०.०००००००५ ही मर्यादा मिळते, म्हणजे दोन कोटींत एक. हिच्या खाली पी-व्हॅल्यू गेल्याशिवाय त्या ठिकाणाला 'हिट' म्हणत नाहीत.

या मर्यादेचा सॅम्पलवर होणारा परिणाम हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा, जोखमीचे अक्षर लोकसंख्येत ३० टक्के प्रमाणात आहे, रुग्ण आणि कंट्रोल समसमान आहेत आणि खरा संबंध सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी आहे. मग त्या अक्षराच्या प्रत्येक प्रतीमागे ऑड्स रेशो, म्हणजे आजाराची शक्यता किती पटींनी वाढते तो आकडा, १.४ असेल तर सुमारे १,७०० रुग्ण आणि तितकेच कंट्रोल लागतात. ऑड्स रेशो १.२ असेल तर ही संख्या सुमारे ५,७०० वर जाते आणि १.१ असेल तर प्रत्येक गटात २०,००० हून अधिक माणसे लागतात. टाइप २ मधुमेहात १.४ च्या आसपास परिणाम देणारे सर्वपरिचित ठिकाण म्हणजे २००६ मध्ये सापडलेले टीसीएफ७एल२. त्यानंतर सापडलेली बहुतेक सामान्य ठिकाणे १.२ च्या खालची आहेत.

त्यामुळे ५०० रुग्ण हाती असतील तर स्वतंत्र जीवास करण्याचा हट्ट धरू नये. तेवढ्या सॅम्पलमध्ये आधीच सिद्ध झालेली ठिकाणे आपल्या लोकांत तशीच वागतात का हे तपासता येते, किंवा मोठ्या गटाशी हातमिळवणी करून आपला डेटा एकत्रित विश्लेषणात देता येतो. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. अपुऱ्या सॅम्पलवर केलेल्या स्वतंत्र शोधातून मात्र बहुधा काहीच मिळत नाही, आणि जे मिळते ते खोटे किंवा फुगलेले असण्याचा धोका मोठा असतो.

तपासणी : अपेक्षित ऑड्स रेशो, अक्षराचे प्रमाण आणि लागणारी संख्या हे तीनही आकडे प्रस्तावात लिहिलेले आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : रुग्ण कोण आणि कंट्रोल कोण

माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा निम्मा दर्जा येथेच ठरतो, आणि सर्वांत कमी वेळही येथेच दिला जातो.

रुग्णाची व्याख्या कागदावर नेमकी असावी. उपाशीपोटी रक्तातील साखर प्रति डेसिलिटर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक, हे प्रचलित निकष आहेत. पण या निकषांवरून मधुमेह आहे एवढेच कळते, तो टाइप २ च आहे हे कळत नाही. आपल्याकडे टाइप २ मधुमेह तिशीतही दिसतो, त्यामुळे वयावरून प्रकार ओळखणे फसवे ठरते. तरुण आणि सडपातळ रुग्णांमध्ये गॅड प्रतिपिंडे (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन पेशींवर हल्ला करत असल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते त्याचे माप) तपासून टाइप १ वेगळा काढावा, आणि तीन पिढ्यांत ओळीने तरुणपणी मधुमेह आलेल्या घरांत एकाच जनुकामुळे होणाऱ्या 'मोडी' या प्रकाराची शंका घ्यावी. केवळ गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांना रुग्णगटात घेऊ नये आणि कंट्रोलगटातही घेऊ नये.

एचबीए१सीबद्दल वेगळी सूचना आवश्यक आहे. ही चाचणी लाल पेशींवर अवलंबून असते. पेशींचे आयुष्य कमी झाले की आकडा खोटा कमी दिसतो, आणि लोहाच्या कमतरतेत तो वाढलेला दिसू शकतो. विदर्भात किंवा नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, जेथे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, तेथे केवळ एचबीए१सीवरून गट पाडले तर शेवटी सापडणारी जनुके लाल पेशींची असतील आणि आपण ती मधुमेहाची म्हणून मिरवू. अशा भागांत ग्लुकोज प्राशन चाचणीला पर्याय नाही.

कंट्रोल निवडताना होणारी नेहमीची चूक म्हणजे रुग्णालयातील तरुण कर्मचारी आणि वैद्यकीय विद्यार्थी यांचे रक्त घेणे. तिशीतला निरोगी माणूस पंचेचाळिशीत मधुमेही होऊ शकतो, म्हणजे आज कंट्रोल म्हणून लिहिलेल्यांत उद्याचे रुग्ण मिसळलेले असतात आणि खरा फरक पुसट होतो. कंट्रोल शक्यतो पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढचे, ग्लुकोज चाचणीत सामान्य ठरलेले आणि ज्या भागातून व ज्या समाजांतून रुग्ण आले त्याच भागातून, त्याच समाजांतून आलेले असावेत. 'मला साखर नाही' हे तोंडी उत्तर पुरेसे नाही, कारण मधुमेह असूनही निदान न झालेल्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे.

सावधान : रुग्ण एका जिल्ह्याचे आणि कंट्रोल दुसऱ्या जिल्ह्याचे, अशी विभागणी झाली की पुढे जे फरक दिसतील ते आजाराचे आहेत की जिल्ह्यांचे, हे वेगळे करणे फार कठीण होते.

## टप्पा ३ : परवानगी, संमती आणि माहितीचा अर्ज

संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी पहिले सॅम्पल घेण्यापूर्वी हवी. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे हाताशी ठेवून संमतिपत्र लिहावे आणि ते मराठीत, सहभागी होणाऱ्याला कळेल अशा भाषेत असावे. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : डीएनए साठवला जाईल का, तो पुढे इतर आजारांच्या संशोधनासाठी वापरला जाईल का, नाव काढून टाकलेला डेटा इतर संशोधकांना दिला जाईल का, आणि सहभागी व्यक्तीला नंतर माघार घेता येईल का. सॅम्पल किंवा डेटा परदेशी संस्थेसोबत वाटायचा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि तिला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा.

माहितीच्या अर्जात वय, लिंग, उंची, वजन, कंबरेचा घेर, औषधे आणि निदानाचे वय यांबरोबर आई आणि वडील या दोघांचेही मूळ गाव, मातृभाषा व समाज विचारावा. हा प्रश्न विचारताना अनेकांना संकोच वाटतो, आणि तो योग्यही आहे. म्हणून तो का विचारला जात आहे हे एका वाक्यात सांगावे आणि उत्तर न देण्याची मुभा ठेवावी. आईवडिलांचे आपसांत आधीपासून नाते आहे का, हेही विचारावे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे आणि तिचा परिणाम पाचव्या टप्प्यात थेट आकड्यांत दिसतो.

## टप्पा ४ : रक्त, डीएनए आणि प्लेटची मांडणी

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यावे. हेपॅरिनची नळी टाळावी, कारण हेपॅरिन पुढच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेत, अडथळा आणते. काढलेल्या डीएनएचे २६०/२८० गुणोत्तर, म्हणजे शुद्धतेचे माप, १.८ च्या आसपास असावे आणि प्रमाण मोजताना केवळ प्रकाशशोषणावर विसंबू नये, कारण त्यात आरएनएही मोजला जातो. फ्लुरोसन्स रंगावर चालणारे मोजमाप अधिक भरवशाचे असते.

आता प्लेट, म्हणजे डीएनएची सॅम्पल भरण्याची तबकडी. ९६ खाचांची प्लेट आठ आडव्या आणि बारा उभ्या ओळींची असते. सोय म्हणून पहिल्या पाच प्लेटमध्ये रुग्ण आणि पुढच्या पाचांत कंट्रोल भरले जातात, आणि या एका सोयीपायी सगळा अभ्यास वाया जाऊ शकतो. प्रत्येक प्लेट वेगळ्या दिवशी, वेगळ्या रसायनांच्या लॉटवर चालते आणि अक्षर वाचण्यात तिचा स्वतःचा असा बारीक कल येतो. रुग्ण आणि कंट्रोल वेगळ्या प्लेटवर असतील तर हा कल आजाराचा परिणाम म्हणून समोर येतो.

म्हणून पुढील क्रम पाळावा. प्रथम सगळ्या सॅम्पलची यादी एकत्र करावी. मग संगणकाकडून यादृच्छिक क्रम घेऊन प्रत्येक प्लेटवर रुग्ण, कंट्रोल, स्त्रिया, पुरुष आणि वेगवेगळी गावे मिसळलेली राहतील अशी मांडणी छापून घ्यावी. प्रत्येक प्लेटवर एक खाच ज्ञात डीएनएसाठी आणि एक खाच दुसऱ्या प्लेटवरील सॅम्पलच्या पुनरावृत्तीसाठी ठेवावी. या दोन खाचांची जागा प्रत्येक प्लेटवर वेगळी असावी, म्हणजे प्लेट उलटी लावली गेली किंवा प्लेटांची अदलाबदल झाली तर ती लगेच पकडता येते. भरणाऱ्या तंत्रज्ञाला कोण रुग्ण आणि कोण कंट्रोल हे माहीत नसावे.

हे सगळे काटेकोरपणे का करायचे, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शंभरी गाठलेल्या माणसांच्या जनुकांवरचा एक शोधनिबंध आला. त्यातील दीर्घायुषी गट आणि तुलनेचा गट वेगवेगळ्या प्रकारच्या चिपवर वाचले गेले होते, आणि त्यांपैकी एका चिपवरील काही स्निपचे वाचन सदोष होते. २०११ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला.

तपासणी : पुनरावृत्तीच्या जोड्यांमधील अक्षरे ९९ टक्क्यांहून अधिक जुळतात का? जुळत नसतील तर सॅम्पलची अदलाबदल झाली आहे असे गृहीत धरून शोध घ्यावा.

## टप्पा ५ : क्यूसी, आणि तीही याच क्रमाने

क्यूसीसाठी, म्हणजे डेटाच्या दर्जाच्या गाळणीसाठी, 'प्लिंक' हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. आज्ञा कोणत्या हे सगळ्यांना ठाऊक असते, गोंधळ होतो तो क्रमाचा.

१. प्रथम अगदी वाईट स्निप काढावेत, म्हणजे ज्यांचे वाचन ५ टक्क्यांहून अधिक सॅम्पलमध्ये झालेले नाही असे. मग ज्या सॅम्पलमध्ये २ टक्क्यांहून अधिक स्निप वाचले गेले नाहीत ती सॅम्पल काढावीत. त्यानंतर स्निपची गाळणी पुन्हा, या वेळी २ टक्क्यांची मर्यादा ठेवून लावावी. सॅम्पलची गाळणी आधी लावली तर खराब स्निपमुळे चांगली माणसे बाद होतात. स्निप लाखो असतात, पण एकेक सॅम्पल मिळवायला गावोगाव फिरावे लागलेले असते.

२. अर्जावरील लिंग आणि एक्स गुणसूत्रावरून दिसणारे लिंग जुळवून पाहावे. सर्वसाधारण नियम असा की समयुग्मतेचा (दोन्ही प्रतींत सारखेच अक्षर असण्याचा) निर्देशांक ०.२ च्या खाली असेल तर स्त्री आणि ०.८ च्या वर असेल तर पुरुष. मधल्या भागात अडकलेले प्रत्येक सॅम्पल चुकीचे नसते. मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नातून जन्मलेल्या मुलीत एक्स गुणसूत्रावरील अपेक्षित समयुग्मता १/८ असते, तर इतर गुणसूत्रांवर ती १/१६ असते, त्यामुळे अशा स्त्रियांचा निर्देशांक ०.२ ओलांडू शकतो. अर्जातील नात्याची माहिती येथे कामी येते.

३. विषमयुग्मता, म्हणजे दोन प्रतींत वेगळी अक्षरे असण्याचे प्रमाण, सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे असलेली सॅम्पल पाहावीत. जास्त विषमयुग्मता म्हणजे बहुधा दोन माणसांचे डीएनए मिसळले गेले आहेत आणि असे सॅम्पल काढून टाकावे. कमी विषमयुग्मता मात्र नात्यातील लग्नामुळेही येते. परदेशी गटांसाठी लिहिलेली गाळणी डोळे झाकून लावली तर आपल्याकडील अगदी योग्य सॅम्पल फेकली जातात, आणि ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे.

४. नातेवाईक आणि दुहेरी सॅम्पल शोधावीत. प्लिंकचा नेहमीचा नात्याचा अंदाज सगळे एकाच समूहाचे आहेत असे धरून चालतो, त्यामुळे अनेक समाज एकत्र असलेल्या डेटात तो नाते फुगवून दाखवतो. त्याऐवजी 'किंग' हे सॉफ्टवेअर वापरावे आणि नाते-गुणांक ०.०८८४ च्या वर असलेल्या जोड्या दुसऱ्या श्रेणीपर्यंतच्या (आजी-नातू, काका-पुतण्या यांसारख्या) नातेवाइकांच्या मानाव्यात. एका जोडीतील एकालाच काढायचे असेल तर रुग्णाला ठेवून कंट्रोल काढावा.

५. शेवटी स्निपच्या उरलेल्या गाळण्या लावाव्यात. रुग्ण आणि कंट्रोल यांत न वाचल्या गेलेल्या सॅम्पलचे प्रमाण वेगळे असलेले स्निप, एक टक्क्याहून कमी प्रमाणाचे स्निप, आणि हार्डी-वाइनबर्ग समतोलापासून, म्हणजे अक्षरांच्या प्रमाणावरून अपेक्षित असलेल्या जनुकप्रकारांच्या वाटणीपासून, फार ढळलेले स्निप काढावेत. ही समतोलाची चाचणी कंट्रोलवर लावावी आणि मर्यादा ०.०००००१ ठेवावी, कारण रुग्णांमध्ये समतोल ढळणे हे खऱ्या संबंधाचेही लक्षण असू शकते.

शेवटच्या गाळणीत एक खाचखळगा आहे. आपसांतच लग्ने करणारे अनेक समाज एका डेटात ओतले की विषमयुग्म माणसे अपेक्षेपेक्षा कमी भरतात आणि पुष्कळ निर्दोष स्निप समतोलाच्या चाचणीत नापास होतात. म्हणून ही चाचणी सहाव्या टप्प्यात लोकसंख्येची रचना पाहून गट पाडल्यानंतर प्रत्येक गटात वेगळी करून पाहावी.

तपासणी : प्रत्येक पायरीवर किती सॅम्पल आणि किती स्निप गळले, याचा तक्ता ठेवावा. एकाच पायरीवर अनपेक्षितपणे मोठी गळती झाली तर थांबून कारण शोधावे.

## टप्पा ६ : लोकसंख्येची रचना

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला ॲरिझोनातील गिला नदीकाठच्या मूलनिवासी समाजाचा अभ्यास या विषयात आजही प्रत्येकाने समजून घ्यावा. 'जीएम' नावाच्या प्रतिपिंडाच्या एका जनुकरूपाचा वाहक असलेल्यांत मधुमेह बराच कमी दिसत होता, जणू ते रूप संरक्षण देत होते. पण ते रूप युरोपीय वंशाचे चिन्ह होते. ज्यांच्या पूर्वजांत युरोपीय अधिक, त्यांच्यात ते रूप अधिक आणि मधुमेह कमी. पूर्वजांच्या प्रमाणानुसार गट पाडून पाहिल्यावर तो संबंध नाहीसा झाला.

भारतात ही अडचण अधिक तीव्र आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेने अमेरिकी संशोधकांसोबत २५ समूहांवर केलेल्या अभ्यासात दिसले की बहुतेक भारतीय समूह दोन प्राचीन पूर्वजगटांच्या मिश्रणातून आलेले असून मिश्रणाचे प्रमाण समूहागणिक बदलते, आणि शतकानुशतके आपसांतच लग्ने झाल्याने शेजारच्या समूहांतही जनुकीय अंतर पडले आहे. एकाच तालुक्यातील दोन समाजांत अक्षरांचे प्रमाण वेगळे आणि मधुमेहाचे प्रमाणही वेगळे असू शकते. खोटे हिट तयार व्हायला एवढे पुरते.

कामाचा क्रम असा ठेवावा. परस्परांशी जोडून वारशाने येणारे स्निप विरळ करून घ्यावेत. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलएचा प्रदेश, म्हणजे साधारण २.५ कोटी ते ३.५ कोटी अक्षरांमधला भाग, आणि आठव्या गुणसूत्रावरील उलटलेला तुकडा यांसारखे लांब जोडणीचे प्रदेश वगळावेत. हे केले नाही तर पीसीएचा (सगळे स्निप एकत्र घेऊन माणसांतील मोठे फरक काही अक्षांवर मांडण्याच्या पद्धतीचा) एखादा अक्ष वंशाऐवजी या एका तुकड्याचेच चित्र काढतो. मग १००० जीनोम या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील दक्षिण आशियाई सॅम्पलसोबत पीसीए करावे, दूर पडलेली माणसे पाहावीत, आणि केवळ आपल्या सॅम्पलवर पीसीए पुन्हा करावे. हा दुसरा पीसीए अनेक जण गाळतात, पण विश्लेषणात वापरायचे अक्ष त्यातूनच घ्यायचे असतात.

तपासणी : पीसीएच्या आलेखात रुग्ण आणि कंट्रोल यांना दोन रंग देऊन पाहावे. रंग एकमेकांत मिसळलेले असावेत. एका कोपऱ्यात केवळ रुग्णच दिसत असतील तर तो भाग सोडून द्यावा किंवा त्याच समाजाचे कंट्रोल आणखी गोळा करावेत. दहा अक्ष समीकरणात घातले तरी अशी पूर्ण विभागणी दुरुस्त होत नाही.

## टप्पा ७ : न वाचलेली अक्षरे भरून घेणे

चिप काही लाख स्निप वाचते आणि उरलेले संदर्भ जीनोमच्या आधारे अंदाजाने भरले जातात. यालाच इम्प्युटेशन म्हणतात. १००० जीनोम प्रकल्पाच्या अंतिम संचात २,५०४ माणसे आहेत. त्यांत दक्षिण आशियाई ४८९ असून ती ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकन तमिळ अशा पाच गटांतील आहेत. मराठी समाजांचा त्यात स्वतंत्र गट नाही. सामान्य स्निपसाठी हा संच चालतो, दुर्मीळ स्निपसाठी तो अपुरा पडतो. जीनोमइंडिया प्रकल्पात ८३ समूहांतील सुमारे १०,००० जणांचे जीनोम वाचले गेले आहेत, त्यामुळे भारतीय सॅम्पलसाठी अशा संदर्भाचा प्रवेश मिळवण्याचा प्रयत्न आवर्जून करावा.

भरण्यापूर्वी आपला डेटा आणि संदर्भ एकाच जीनोम आवृत्तीवर आहेत ना, हे पाहावे. ३७ वी आणि ३८ वी आवृत्ती मिसळली की अक्षरांचे पत्ते चुकतात. ए-टी आणि जी-सी जोडीचे स्निप कोणत्या धाग्यावरून वाचले ते अक्षरांवरून ओळखता येत नाही, म्हणून ज्यांचे प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळ आहे असे स्निप काढून टाकावेत. भरलेल्या अक्षरांचा दर्जा-निर्देशांक ०.३ च्या खाली असेल तर ती वापरू नयेत. दुर्मीळ अक्षरांसाठी ही मर्यादा ०.८ ठेवणे शहाणपणाचे आहे. रुग्ण आणि कंट्रोल यांचे इम्प्युटेशन एकत्रच करावे.

## टप्पा ८ : संबंधाची चाचणी

येथपर्यंतचे काम नीट झाले असेल तर हा टप्पा लवकर उरकतो. वय, लिंग आणि पीसीएचे अक्ष घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन (आजार असण्याची शक्यता काढणारे समीकरण) करावे. नातेवाईक डेटात ठेवायचे असतील किंवा रुग्णांच्या तुलनेत कंट्रोल फार जास्त असतील तर 'सेज' किंवा 'रेजेनी' वापरावे.

समीकरणात बीएमआय घालायचा का, हा प्रश्न मात्र सवयीने सोडवू नये. एफटीओ या ठिकाणचा मधुमेहाशी असलेला संबंध २००७ मध्ये युरोपीय लोकांत सापडला आणि बीएमआय धरल्यावर तो नाहीसा झाला, म्हणजे तेथे तो लठ्ठपणामार्फत येत होता. पुण्यातील केईएम रुग्णालय संशोधन केंद्र आणि सीसीएमबी यांनी २००९ मध्ये दाखवले की भारतीयांत हा संबंध केवळ बीएमआयने पूर्ण स्पष्ट होत नाही. कमी बीएमआयमध्येही शरीरात चरबी अधिक असणाऱ्या आपल्या लोकांत बीएमआय हे मोजमापच तोकडे पडते. म्हणून दोन्ही समीकरणे करावीत, दोन्ही निकाल द्यावेत, आणि कोणते मुख्य हे डेटा पाहण्यापूर्वी लिहून ठेवावे.

नंतर क्यूक्यू आलेख (अपेक्षित आणि मिळालेल्या पी-व्हॅल्यूंची तुलना) काढावा आणि लॅम्डा, म्हणजे सगळ्या निकालांतील फुगवटा मोजणारा आकडा, पाहावा. काही हजारांच्या सॅम्पलमध्ये तो १ ते १.०५ च्या दरम्यान असावा. १.१ च्या पुढे गेला तर सहाव्या टप्प्यावर परत जावे. लॅम्डाने भागून आकडे खाली आणणे हा उपाय नव्हे.

सावधान : प्रत्येक हिटचा क्लस्टर आलेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यावर एक वाक्यही लिहू नये. तिन्ही जनुकप्रकारांचे ठिपक्यांचे पुंजके सुटे आणि घट्ट असावेत. दोन पुंजके एकमेकांवर चढले असतील किंवा शेजारचे जोडलेले स्निप काहीच न दाखवता एकटाच स्निप उंच उभा असेल तर ती वाचनाची चूक समजावी.

## टप्पा ९ : दुसऱ्या सॅम्पलवर पुन्हा

पहिल्या सॅम्पलमध्ये मर्यादा ओलांडणाऱ्या ठिकाणांचा परिणाम साधारणपणे खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, कारण जी ठिकाणे योगायोगाने वर उचलली गेली तीच मर्यादेपार जातात. त्यामुळे पुनरावृत्तीच्या सॅम्पलची संख्या ठरवताना पहिल्या ऑड्स रेशोपेक्षा कमी आकडा धरावा. पुनरावृत्ती वेगळ्या माणसांवर, त्याच व्याख्येने आणि त्याच अक्षराच्या दिशेने व्हावी. ए अक्षराने पहिल्यांदा जोखीम वाढवली आणि दुसऱ्यांदा कमी केली तर पी-व्हॅल्यू कितीही लहान असली तरी ती पुनरावृत्ती नव्हे. एकच सॅम्पल दोन भागांत चिरून एकाला शोध आणि दुसऱ्याला पुनरावृत्ती म्हणणेही टाळावे, कारण व्याख्येतील किंवा प्लेटमधील दोष दोन्ही भागांत सारखाच असतो.

## टप्पा १० : ठिकाणापासून जनुकापर्यंत

हिट मिळाला म्हणजे जनुक मिळाले, ही समजूत अजून गेलेली नाही. बहुतेक हिट प्रथिन न घडवणाऱ्या भागांत पडतात, आणि सर्वांत लहान पी-व्हॅल्यूचा स्निप हा बहुधा खऱ्या कारणाचा केवळ शेजारी असतो.

एफटीओचेच पाहा. स्निप एफटीओ जनुकाच्या आत होते, म्हणून काही वर्षे सगळे संशोधन त्या जनुकावर झाले. २०१४ मध्ये दिसले की तो प्रदेश लाखो अक्षरे दूर असलेल्या आयआरएक्स३ या जनुकाला स्पर्श करून त्याचे नियंत्रण करतो. २०१५ मध्ये आरएस १४२१०८५ या नेमक्या अक्षराच्या बदलामुळे चरबीच्या पूर्वपेशींत आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ यांची पातळी वाढते, असे पेशींतील ते अक्षर बदलून दाखवले गेले.

म्हणून पुढील क्रमाने जावे. प्रथम त्या प्रदेशात एक स्वतंत्र संबंध आहे की अधिक, हे सशर्त विश्लेषणाने, म्हणजे पहिला स्निप समीकरणात धरून, पाहावे. मग 'सूझी' किंवा 'फाइनमॅप' वापरून ९५ टक्के शक्यतेचा संभाव्य स्निपसंच काढावा. त्यासाठी लागणारी जोडणीची सारणी (स्निप एकमेकांशी किती जोडलेले आहेत त्याचा तक्ता) आपल्याच सॅम्पलमधून घ्यावी. भारतीय सॅम्पलला युरोपीय सारणी लावली तर खरा स्निप संचाबाहेर राहू शकतो आणि निकाल मात्र अत्यंत आत्मविश्वासाचा दिसतो.

त्यानंतर या संचातील स्निप कोणत्या ऊतीत कोणत्या जनुकाची पातळी बदलतात, ते पाहावे. येथे ऊतीची निवड चुकते. मधुमेहाला महत्त्वाच्या असलेल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींची बेटे स्वादुपिंडाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतात, त्यामुळे संपूर्ण स्वादुपिंडाचा डेटा प्रामुख्याने पाचकरस बनवणाऱ्या पेशींचे बोलतो. वेगळ्या केलेल्या बेटांचा डेटा शोधावा. आजाराचा आणि जनुकपातळीचा संकेत एकाच स्निपमुळे येतो की शेजारच्या दोन वेगळ्या स्निपमुळे, हे कोलोकलायझेशनने तपासावे. दोन्ही आलेख एकावर एक ठेवून 'जुळतात' म्हणणे पुरेसे नाही.

प्रथिन बदलणारे किंवा तोडणारे दुर्मीळ फरक सापडले तर पुरावा एकदम बळकट होतो. एसएलसी३०ए८ या जनुकातील प्रथिन बदलणारा सामान्य स्निप २००७ पासून माहीत होता, पण जनुकाचे काम वाढल्याने जोखीम येते की घटल्याने, हे कळत नव्हते. २०१४ मध्ये सुमारे दीड लाख लोकांच्या तपासणीत आढळले की या जनुकाची एक प्रत निकामी असलेल्यांत मधुमेहाची जोखीम सुमारे ६५ टक्क्यांनी कमी असते. औषध शोधणाऱ्याला दिशा हवी असते, आणि ती अशा पुराव्यातूनच मिळते.

शेवटची पायरी पेशींवरची. इन्सुलिन स्रवणाऱ्या मानवी बीटा पेशींत तेच एक अक्षर बदलून, बाकी सर्व सारखे ठेवून, जनुकाची पातळी आणि इन्सुलिनचे स्रवण मोजावे. एकाच क्लोनवर (एका पेशीपासून वाढवलेल्या समूहावर) भिस्त ठेवू नये, दोन्ही रूपांचे अनेक क्लोन घ्यावेत, आणि शक्य असल्यास बदललेले अक्षर पुन्हा मूळ करून परिणाम परततो का ते पाहावे.

निकालाच्या तक्त्यात परिणाम मोजलेले अक्षर, दुसरे अक्षर, दोन्ही गटांतील प्रमाण, ऑड्स रेशो, विश्वासाची मर्यादा आणि जीनोमची आवृत्ती हे रकाने हवेत. त्यात 'जनुक' असा एकच रकाना ठेवण्याऐवजी 'सर्वांत जवळचे जनुक' आणि 'पुराव्याने सूचित जनुक' असे दोन करावेत. दुसऱ्या रकान्यासमोर पुरावा कोणता, म्हणजे दुर्मीळ फरकांचा, बेटांतील जनुकपातळीचा की पेशींतील प्रयोगाचा, हे लिहावे, आणि तसा पुरावा नसेल तेथे तो रकाना रिकामा ठेवावा.